मिर्चा ग्रोझाव कसा पडला

रुक्मिणीनगर, अमरावती
१५ फेब्रुवारी २०२३

गजेंद्र,

या पत्रावर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरलो नाही, मुद्दाम गाळला आहे.

तीन दिवस वाट पाहिली. तू तेल्हाऱ्याहून पत्र्याची पेटी घेऊन आमच्या वसतिगृहात आलास तेव्हा पंधरा वर्षांचा होतास. त्याच आठवड्यात तुला नियम सांगितला होता. बॉक्सिंगची बाउट झाली की तीन दिवसांत मला पत्र, जिंकलास तरी आणि हरलास तरी. काय चुकलं ते स्वतःच्या हातानं लिहायचं. चौदा वर्षं तू तो नियम पाळलास. दोन वर्षांपूर्वी त्या अनुपच्या जिममध्ये गेलास आणि तुझी पत्रं बंद झाली. आता माझा फोन नंबरही तू ब्लॉक करून ठेवला आहेस. म्हणून या वेळी मीच लिहितो.

रविवारी मी अकोल्यात होतो. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ. एक साधा प्रेक्षक म्हणून तुझी बाउट पाहिली. बाउट कसली, फसवणूक!

दुसऱ्या राउंडचं जेमतेम एक मिनिट झालं होतं. तू डावा हुक मारलास. पाय सपाट, वजन टाचेवर, खांदा झोपलेला. असा हुक तू सोळाव्या वर्षी मारला असतास तर मी तुला मैदानाला वीस चकरा मारायला लावल्या असत्या. तो त्या माणसाच्या कानाच्या वर नुसता घासून गेला. आणि एकशे बारा किलोचा रोमानियन हेवीवेट खाली बसला! आधी गुडघ्यावर, मग कुशीवर, बैल बसतो तसा. रेफरीनं दहा मोजले. मग तो निवांत उठला आणि त्यानंच तुझा हात धरून वर केला.

लोकांना कळलं नाही. लोक ‘कुट रे मिर्ची, कुट’ म्हणून नाचत होते. पोस्टरवर ‘युरोपचा वाघ’ लिहिलं होतं ना. त्याचं नाव मिर्चा, तर यांची मिर्ची झाली. पण मी चाळीस वर्षं पोरं रिंगमध्ये उतरवली आहेत. खरं पडणं आणि ठरवून पडणं यातला फरक मला कळतो.

तो माणूस पोटासाठी पडला असेल. तू कशासाठी उभा होतास? उघड्या जीपवर, गुलालात, गळ्यात तो पत्र्याचा पट्टा घालून गांधी रोडनं फिरलास. लाज वाटली नाही?

तुला माहीत होतं की नव्हतं, एवढंच लिही. खरं लिही.

उद्धव पाठक


डाबकी रोड, अकोला
१९ फेब्रुवारी २०२३

सर,

नमस्कार लिहून राहिलो. घ्यायचा का परत पाठवायचा ते तुमी ठरवा.

तुमचं पत्र वर्षालीनं फोडलं. मी कामावर होतो. संध्याकाळी जिनिंगवरून आलो, अंगावरचा कापूस झाडला, तं बायको समोर उभी. म्हणे, “तुमच्या सरायनं असं काहून लिहिलं?” तिच्यासमोर माही काय इज्जत राह्यली?

नाटक म्हणता? मंग ऐका. तो हुक माह्या हाताले माहीत आहे. त्याचं डोकं लागलं ते मनगटातून कोपरात अन् कोपरातून खांद्यात गेलं. तुमी तिसऱ्या रांगेत होते, मी त्याच्या समोर होतो. ठरवून पडणारा माणूस हात टेकतो सर. त्यानं हात नाई टेकले.

तुमाले राग कायचा आहे ते मले समजते. मी तुमाले सोडून गेलो म्हणून. खरं सांगा, सोळा वर्षांत एकदा तरी म्हणाले का, ‘गज्या, चांगला खेळला’? दोन हजार चौदाच्या निवड चाचणीत मी जिंकलो अन् यादीत नाव दुसऱ्याचं निघालं. तुमी काय म्हणाले? “सहन कर.” पुढच्या वर्षी भुवई फाटली, आठ टाके पडले. “सहन कर.” तुमी मले सहन करणं लय शिकवलं. आता एकतिसाव्या वर्षी कोणी माह्या नावाचं पोस्टर लावलं तं तेही तुमाले सहन होत नाई!

माहा बाप रविवारी आला होता. नत्थुजी खारोडे, ज्यायनं उभ्या जन्मात माही एक बाउट पाह्यली नव्हती. “मारामारी काय पाहायची” म्हणत. ते सगळ्यात मागं उभे होते, धोतराचा सोगा हातात धरून. संपल्यावर आले अन् म्हणाले, “जमलं बापा.” दोनच शब्द. तुमच्याकडून हे दोन शब्द सोळा वर्षांत नाई भेटले.

मले काही माहीत नव्हतं, कारण माहीत असण्यासारखं काही नव्हतंच. बाउट खरी होती. तो माणूस आपल्या देशात परत गेला. सोमवारी सकाळी अनुपभाऊनं त्याले विमानाले लावून दिलं. तुमी त्याचा पिच्छा सोडा अन् माहाही सोडा.

गजेंद्र


अमरावती
२४ फेब्रुवारी २०२३

गजेंद्र,

नत्थुजींबद्दल वाचलं. त्यांना मी काही सांगणार नाही. पण तू ज्याला हरवलंस तो कोण होता, हे तुला कळायला हवं. परवा मी संगणकावर बसून त्याच्या सगळ्या बाउटींची नोंद शोधून काढली. वाच.

मिर्चा ग्रोझाव. वय एकोणचाळीस. गाव गालात्स, डॅन्यूब नदीच्या काठावर. तिथं पोलादाचा कारखाना आहे, बाप त्यात भट्टीवर होता. हा एकोणिसाव्या वर्षी ज्युनियर गटात देशात पहिला आला, बाविसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. पहिल्या अकरा बाउटी सलग जिंकला. त्यातल्या एकीचा व्हिडिओ मिळाला. गजेंद्र, काय जॅब होता त्या पोराचा! सरळ, खांद्यातून निघालेला, परत येताना दिसायचासुद्धा नाही. मी तीन वेळा पाहिला.

बारावी बाउट जर्मनीत. डोळ्याखालचं हाड मोडलं. आठ महिन्यांनी परत आला तो वेगळाच माणूस. पाय जड झालेले, डावा हात खाली पडलेला. त्यानंतर त्याला बोलावणी येऊ लागली ती हरण्यासाठी. फिनलंड, इंग्लंड, पोलंड, डेन्मार्क. प्रत्येक गावात एक लाडका पोरगा असतो, त्याला जिंकवायचं असतं, आणि त्यासाठी समोर दिसायला धिप्पाड माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मिर्चा. सत्तेचाळीस बाउटी, चौदा विजय. शेवटच्या एकोणीस बाउटी सलग हरला. शेवटची अकोल्याची.

म्हणजे पडणं हा त्याचा धंदा आहे. तुला तो हात न टेकता पडलेला दिसला, कारण तो पडण्यात तरबेज आहे. तुझ्या त्या ढिल्या हुकमध्ये काहीही नव्हतं. काहीही नव्हतं! हे मी पुन्हा लिहितो, कारण तू ते पुन्हा वाचावंस.

तो सुखरूप घरी गेला असं तू लिहितोस. मग विषय संपला. पट्टा परत कर, नाहीतर माझं नाव सांगू नकोस.

उद्धव पाठक


अकोला
४ मार्च २०२३

सर,

मिर्चा घरी गेला नाई. तो अकोल्यातच आहे.

मंगळवारी जिनिंगवर फोन आला. एक पोरगी बोलली, “दादा, मी करिश्मा, तेल्हाऱ्याची. अथी दवाखान्यात नर्स आहे. तुमच्या पोस्टरवरचा तो गोरा माणूस आमच्याकडं पंधरा दिवसांपासून पडला आहे. त्याले भेटाले कोणीच येत नाई.” मले वाटलं कोणी मस्करी करून राहिलं. तरी गेलो.

तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूत. डोकं भादरलेलं, डाव्या बाजूनं कवटी उघडून शिवलेली. नाकात नळी. एवढा मोठा माणूस, पाय पलंगाच्या बाहेर आलेले, म्हणून खाली स्टूल ठेवलं आहे. डोळे अर्धे उघडे होते, पण पाहत कोणाकडं नव्हते. पलंगाच्या पाटीवर फक्त ‘विदेशी पुरुष’ लिहिलं आहे. सर, त्याले नावसुद्धा नाई ठेवलं यायनं!

करिश्मानं सांगतलं ते असं. बाउट झाली त्याच रात्री अनुपभाऊच्या माणसायनं त्याले आणलं. ‘हॉटेलच्या बाथरूममध्ये घसरून पडला’ म्हणून लिहून दिलं अन् गेले. बॉक्सिंग हा शब्द कुठीच नाई. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. मी अनुपच्या घरी गेलो, तं कुलूप. जिमले बी कुलूप. ज्या माणसानं माह्या गळ्यात हार घातला त्यानं याले कचऱ्यासारखं टाकून दिलं अन् मले सांगतलं विमानात बसवलं! मी त्या कुलपाले लाथा घातल्या. तुटलं नाई.

मी डॉक्टरले खरं सांगतलं. तथी डॉक्टर इशिता म्हणून आहेत, तरुण बाई. त्या म्हणाल्या, “आता पटलं. मेंदूवर आधीचीच इजा दिसत होती, तीन-चार आठवड्यांची. त्यावर नवा मार बसला. हलका मार बी पुरेसा होता.”

हलका मार, सर. तुमी लिहिलं होतं न, घासून गेला म्हणून. तुमचं बी बरोबर होतं अन् माहं बी. हुक ढिला होता अन् तो खरा पडला. तुमी त्याले नाटक म्हणाले. मी त्याच्या पडण्यावर जीपमध्ये नाचलो. आपण दोघं सारखेच निघालो.

मी पोलिसात गेलो. हवालदार म्हणे, “खेळात मार लागतेच, तक्रार कायची?” मी म्हणलं, “आजारी माणसाले रिंगमध्ये उतरवलं, त्याची तक्रार.” मंग साहेब बोलले, बाउटीआधी तपासणी होते, त्याचा कागद असतो, तो आणा. तो कागद जिमच्या ऑफिसात आहे. पंचनामा करून कुलूप उघडतील, पण धुळवड झाल्यावर.

तुमाले या कामातले नियम माहीत आहेत. तपासणी कोण करते, सही कोणाची लागते, कोणते मुद्दे पाहाचे असतात, ते सगळं मले लिहून पाठवा. लवकर. मी भांडलो ते पोटात घाला. या वेळी तुमी माह्या बाजूनं पाह्यजे. ज्यानं त्या कागदावर सही केली त्याले मी सोडणार नाई.

गजेंद्र


अकोला
१० मार्च २०२३

उद्धव सर,

तुमचं उत्तर काहून नाई आलं ते काल समजलं.

कागद सापडला. खाली दोन सह्या. एक डॉक्टरची, ती नुसता शिक्का. त्या नावाचा डॉक्टर अकोल्यात नाईच. दुसरी ‘तांत्रिक निरीक्षक’. वर लिहिलं आहे, ‘दोन्ही खेळाडूंची समक्ष पाहणी केली. खेळण्यास योग्य.’ साहेबानं विचारलं, “ही सही कोणाची, ओळखता का?”

ओळखतो का! माह्या दहावीच्या गुणपत्रिकेवर पालकाच्या जागी हीच सही आहे. बाप तेल्हाऱ्यात होता म्हणून तुमी केली होती.

साधा प्रेक्षक? तिसऱ्या रांगेत? खांबाजवळ?

अन् ते सत्तेचाळीस बाउटींचं पान. तुमी मले गाव सांगतलं, नदी सांगतली, त्याच्या बापाची भट्टी सांगतली. मी बी काल तेच पान उघडलं. सेहेचाळिसावी बाउट, एकवीस जानेवारी, पोलंड. पहिल्या राउंडले बेशुद्ध. त्याच्या खाली लाल अक्षरात लिहिलं आहे, ‘साठ दिवस खेळण्यास वैद्यकीय बंदी.’ अकोल्याची बाउट बाविसाव्या दिवशी झाली. तुमी सगळं वाचलं अन् तेवढी ओळ गाळून मले पत्र लिहिलं! वर पुन्हा विचारलं, लाज वाटली नाई?

मले एकाच गोष्टीचं उत्तर पाह्यजे. सही काहून केली?

खोटं लिहाचं असन तं लिहू नका.

गजेंद्र खारोडे


अमरावती
१३ मार्च

गजेंद्रा,

तुझी काकू लिहिते आहे. तुझं पत्र यांनी टेबलावर ठेवलं, दोन दिवस फोडलं नाही. शेवटी मीच फोडलं आणि हे ताटावर बसले असताना मोठ्यानं वाचून दाखवलं. पानावरून उठू दिलं नाही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अकोल्याहून आले त्या दिवसापासून हे जेवत नाहीत, चिडतात, रेडिओ फेकला. मला वाटलं तुझ्यावरचा राग आहे. राग दुसऱ्याच कुणावर होता.

तुझी बाजू घ्यायला हे पत्र नाही आणि यांची तर नाहीच. तू वसतिगृहात तापानं फणफणला होतास तेव्हा मी उशाशी बसले होते, म्हणून विचारायचा हक्क आहे. त्या माणसाच्या घरी कुणी कळवलं का? त्याला आई असेल, बहीण असेल. तुम्ही दोघं महिनाभर एकमेकांना पत्रं लिहून भांडता आहात. त्याच्या माणसांना एक ओळ गेली नाही. ते आधी कर.

हे लिहितील. लिहीपर्यंत मी यांना सोडणार नाही.

सिंधू पाठक


अमरावती
१६ मार्च २०२३

गजेंद्र,

जे घडलं ते क्रमानं लिहितो.

अनुपचा फोन बाउटीच्या आठ दिवस आधी आला होता. ‘तांत्रिक निरीक्षक म्हणून तुमचं नाव असलं की वजन येईल, आणि गजेंद्रलाही बरं वाटेल. पण त्याला आधी सांगू नका, त्याचं लक्ष विचलित होईल.’ मी हो म्हणालो. तुझी बाउट जवळून पाहायला मिळेल हा लोभ होता.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी स्टेशनजवळच्या हॉटेलात गेलो. तू तेव्हा पेपरवाल्यांना मुलाखती देत होतास. मिर्चा पलंगाच्या काठावर बसला होता आणि बुटाची नाडी ओवत होता. तीनदा प्रयत्न केला, तीनदा छिद्र चुकलं. मी त्याच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. डावा डोळा मागं राहत होता. उभं राहायला सांगितलं तर त्यानं भिंतीला हात लावला. चाळीस वर्षांत मी अशा तीन पोरांना रिंगमधून ओढून खाली आणलं आहे. त्यातल्या एकाच्या बापानं माझी कॉलर धरली होती, तरी त्याला परत रिंगमध्ये जाऊ दिलं नव्हतं.

त्याला कळलं मला काय दिसलं ते. त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, “प्लीज, कोच. ओके. आय वर्क.” त्याला इंग्रजी तेवढंच येत होतं.

मी त्याच्या विनवणीमुळं सही केली असं लिहिलं तर तुला बरं वाटेल आणि मलाही. पण तसं नाही. मी त्याचे हात पाहिले, माझ्या मांडीएवढे. मग तू डोळ्यांसमोर आलास. एकतीस वर्षांचा, पाय मंदावलेले, जुनी भुवई अर्ध्या फटक्यात फाटणारी. हा माणूस धडधाकट असता तर त्यानं तुला तुझ्या बापासमोर तुडवलं असतं. आणि मनात आलं, याला आज धड उभं राहता येत नाही, म्हणजे आज गजेंद्रला मार बसणार नाही. हा विचार अगदी स्पष्ट, शब्दांत आला. मग मी खिशातून पेन काढलं.

म्हणजे तुझ्यासाठी केली. हे मी तुझ्यावर ढकलत नाही. तू मागितलं नव्हतंस.

तो पडला तेव्हा मला तिथल्या तिथं कळलं होतं. हात न टेकता पडला, ते मीही पाहिलं. पण तो उठला, चालला, तुझा हात वर केला, तेव्हा मी स्वतःला सांगितलं, नाटक होतं. नाटक असेल तर माझ्या सहीनं कुणाचं काही बिघडलं नाही. तुलाही ते मान्य करायला लावायचं होतं, म्हणून तुला तसं पत्र लिहिलं. तू जितकं नाही म्हणालास तितका मी चिडलो. ती लाल ओळ वाचली तेव्हा संगणक बंद केला आणि पत्राला बसलो. चाळीस वर्षं पोरांना ‘खरं लिहा’ सांगत आलो, आणि स्वतः असं पत्र लिहिलं.

काल अकोल्याला आलो होतो. पोलीस स्टेशनात साहेबांसमोर हे सगळं सांगितलं, लिहून दिलं, सही केली. ते म्हणाले, “सर, तुम्ही आरोपी होऊ शकता, वकील करा.” मी म्हणालो, करणार नाही. अनुपनं मला कसा फोन केला, कोऱ्या कागदावर डॉक्टरचा शिक्का आधीच कसा होता, तेही सांगितलं. त्याला सोडू नकोस. मलाही सोडू नकोस.

तू विचारलंस, ‘चांगला खेळलास’ असं कधी म्हणालो का. नाही म्हणालो. आता म्हणायचा अधिकार राहिला नाही.

उद्धव पाठक


अकोला
२० एप्रिल २०२३

सर,

तुमचं पत्र भेटून महिना झाला. उत्तर लिहाले बसलो की राग येई. चार वेळा लिहून फाडलं. आता काही गोष्टी घडून गेल्या, त्या कळवणं भाग आहे म्हणून लिहितो.

काकूचं पत्र आलं त्याच दिवशी डॉक्टर इशितानं रोमानियाच्या दूतावासात फोन लावला. मिर्चाले एक मोठी बहीण निघाली. रोदिका नाव. ती तिकडं शाळेत स्वयंपाक करते. तिले वाटत होतं भाऊ कामाले आखाती देशात गेला. अकोला हे नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं. दोन एप्रिलले ती आली, हातात एक पिशवी अन् अंगात लोकरीचा कोट. बेचाळीस डिग्रीत लोकरीचा कोट, सर! घाईत निघाली, बदलाचं सुचलं नाई.

मिर्चा आता बसते. उजवी बाजू गेली. दहा-बारा शब्द बोलते. रोज कामावरून सुटलो की मी त्याच्याकडं जात होतो, त्याले पुसून काढाचो, कुशी बदलाचो. तो मले वॉर्डबॉय समजे. बाउट त्याले आठवतच नाई. त्याच्या डोक्यात अजून पोलंडहून घरी जायची गाडी चालू आहे. मी एकदा दोन्ही मुठी वर करून दाखवल्या, गार्ड घेतला, म्हणलं आठवन. त्यानं पाह्यलं अन् पाणी मागतलं.

करिश्मा म्हणे तुमी दोनदा येऊन गेले. मी यायच्या आधी येता अन् त्याच्या पायाले तेल लावून निघून जाता. बरं करता. मी समोर असतो तं काय केलं असतं मले माहीत नाई. तुमी पासष्ट वर्षांचे आहात हे मी विसरलो असतो.

तुमी लिहिलं, माह्यासाठी केलं. हेच मले सगळ्यात जास्त झोंबते. मले मार बसू नये म्हणून तुमी दुसऱ्याचं पोरगं मारलं. ‘सहन कर’ म्हणत होते तेच बरं होतं. सोळा वर्षं म्हणाले अन् ज्या दिवशी मी सहन कराले तयार होतो त्याच दिवशी तुमचा जीव कच्चा पडला!

बापाले मी सांगतलं. तेल्हाऱ्याले जाऊन, ओसरीवर बसून, सगळं. त्यायनं ऐकून घेतलं. मंग विचारलं, “त्या माणसाले माय आहे का?” मी म्हणलं, नाई, बहीण आहे. ते उठून गोठ्यात गेले. तेव्हापासून बाउटीचा विषय त्यायनं काढला नाई.

पट्टा पोलिसात जमा केला, पुरावा म्हणून. अनुपले पुण्यात पकडलं. तिथं बी दुसरं पोस्टर छापणं चालू होतं, नायजेरियाचा कोणी आणणार होता. जामीन होईल म्हणतात. झाला तरी मी पाठ सोडत नाई.

परवा रोदिका मिर्चाले घेऊन गेली. स्ट्रेचरवर, नागपूरहून विमानानं. जायच्या आधी मी तिले सांगतलं की मी कोण आहे. तोवर कोणीच सांगतलं नव्हतं, ती बी मले दवाखान्याचा माणूस समजून रोज हात जोडे. डॉक्टर इशितानं मोबाईलवर तिच्या भाषेत करून दाखवलं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मंग एकच प्रश्न केला. डॉक्टर म्हणाल्या, “त्या विचारतात, कोणत्या हातानं?”

मी डावा हात पुढं केला. मले वाटलं थुंकन, नाई तं मारन. मारलं असतं तं बरं झालं असतं. तिनं तो हात मनगटाशी धरला, उलटा केला, सुलटा केला, कपडा घेताना पाहतात तसा. मंग खाली वाकली, मिर्चाची बॅग उचलली अन् त्या हातात दिली. बोटानं दाराकडं दाखवलं. मी ती गाडीपर्यंत नेली. बॅगेत त्याचे बूट होते, चालताना मांडीले लागत होते. गाडी निघाली तेव्हा तिनं माह्याकडं पाह्यलं नाई. तो मात्र पाहत होता अन् हसला, कारण त्याले काहीच माहीत नाई.

आता मी रिंगमध्ये उतरणार नाई. त्यामुळं बाउटीनंतरचं पत्रही राहणार नाई. हे शेवटचं धरा.

मॅजिस्ट्रेटसमोर माहा जबाब पुढच्या गुरुवारी आहे. सरकारी वकील भगवंतराव म्हणून आहेत, ते काल तयारी करून घेत होते. मी प्रत्येक वाक्यात ‘सरायनं सही केली, सरायनं पाह्यलं’ म्हणून राहिलो होतो. त्यायनं थांबवलं. म्हणाले, “इथं सर-बिर चालत नाही. आरोपीचं पूर्ण नाव घ्यायचं.”

उद्धव वामनराव पाठक.

रात्रभर घरी म्हणून पाह्यलं. वर्षाली झोपेतून उठून विचारे, कोणाशी बोलता? सोळा वर्षांत तुमचं नाव मी कधी तोंडातून काढलं नाई, त्यामुळं पुन्हा पुन्हा चुकते. पण गुरुवारपर्यंत नाव बरोबर येईल. मोठ्यानं, अन् तुमच्याकडं पाहून म्हणीन. तुमी बी खाली पाहू नका.

गजेंद्र